रोज नीतिसूत्रं वाचूनही स्वभाव बदलत नाही, मग बायबलमधलं ज्ञान जगण्यात उतरवायचं कसं?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की वर्षभर तारखेप्रमाणे बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचा एकेक अध्याय वाचताय, एकतीस तारखेला एकतिसावा, तरी घरातलं आणि ऑफिसातलं वागणं होतं तसंच आहे. मी सहसा अशा प्रश्नांना उत्तर देत नाही. पण हा प्रश्न मला लागला, कारण मला तर वचन नुसतं वाचून नव्हे, तोंडपाठ होतं.

बाराव्या वर्षी नीतिसूत्रांचा सहावा अध्याय न अडखळता म्हटला म्हणून संडे स्कूलमध्ये मला बक्षीस मिळालं होतं. त्याची सुरुवातच अशी आहे की, माझ्या मुला, तू शेजाऱ्याला जामीन झाला असशील तर आपल्याच शब्दांत अडकलास. २००७ साली, पस्तिशी ओलांडल्यावर, मी एका पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली. त्या वेळी हे वचन आठवलं नाही असं नाही. पेन हातात असताना आठवत होतं.

झालं असं. रविवारची उपासना संपवून आम्ही घरी आलो होतो. आमच्या नगरच्या घराची बैठकीची खोली लहान आहे, चार माणसं आली की गुडघ्याला गुडघा लागतो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मंडळीतल्याच एका गृहस्थाला घेऊन आला. त्यांना टेम्पो घ्यायचा होता, कर्ज दीड लाखाचं. दोन जामीनदार हवेत, त्यातला एक पगारदार. मी अनुदानित शाळेत शिक्षक, म्हणजे मीच. फॉर्म भरून आणलेला होता. माझ्या नावापुढे पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली होती, सही कुठे करायची ते कळावं म्हणून. बायको चहाचा ट्रे घेऊन आली ती कप ठेवूनही तिथून हलेना. "आज रविवार आहे, उद्या करा की," एवढंच ती म्हणाली. दादा हसून म्हणाला, "जो तुझ्याजवळ मागतो त्याला दे, हे प्रभूचंच वचन आहे ना?" मी सही केली. प्रीतीपोटी नाही. त्या माणसाशेजारी बसून दर रविवारी गीतं म्हणायची आणि त्याला तोंडावर नाही म्हणायचं, याची मला लाज वाटली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

२०१० मध्ये नोटीस आली. टेम्पो तोवर गेला होता. दुसरे जामीनदार निवृत्त झाले होते, त्यांच्याकडून वसूल करण्यासारखं काही नव्हतं. कराराच्या कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून, जमलं नाही तर तुमच्याकडून, असा आपला समज असतो, तो चुकीचा आहे. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला आणि माझ्या पगारातून महिना ४,००० रुपये कापले जाऊ लागले. पाच वर्षं. त्यात मुलीचा क्लास बंद झाला. बायकोने एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही. तिने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

नोटीस आली त्या रात्री वडिलांनी बायबल मागवलं. त्यांच्या बायबलमध्ये लाल पेन्सिलीच्या रेघा आहेत. सहाव्या अध्यायाची पहिली पाच वचनं त्यांनी मोठ्याने वाचली आणि पुस्तक मिटलं. मी लहानपणी जे भराभर म्हणून बक्षीस घेतलं होतं, त्यातलं तिसरं ते पाचवं वचन तेव्हा प्रथम ऐकल्यासारखं वाटलं: जा, नम्र हो, त्या शेजाऱ्याच्या मागे लाग, डोळ्याला झोप घेऊ देऊ नकोस. शिकाऱ्याच्या हातून हरीण सुटतं तसा सुट. म्हणजे ही नीतिसूत्रं ज्याच्या नावावर आहेत तो शलमोन राजा नुसतं "जामीन होऊ नकोस" सांगत नाही. झालास तर पुढे काय करायचं, तेही सांगतो. मी तीन वर्षं काहीच केलं नव्हतं. हप्ते थकल्याचं कानावर आलं तेव्हाही "दादा बघेल" म्हणून गप्प बसलो होतो.

आता दादाचं म्हणणं. तो आजही म्हणतो की मी वचनाचा आधार कंजूषपणाला देतो. नीतिसूत्रं जुन्या करारातली, आपण कृपेखाली आहोत. यहूदा आपल्या धाकट्या भावाला, बन्यामिनाला, जामीन झाला. आणि इब्री लोकांस पत्र ७:२२ मध्ये येशूलाच जामीन म्हटलंय, मग तू कोण नाही म्हणणारा? हा मुद्दा हलका नाही, मी त्याच्यावर खूप विचार केलाय. पण यहूदाने नुसतं नाव लिहून दिलं नव्हतं. उत्पत्ती ४४ मध्ये वेळ आली तेव्हा तो पुढे झाला आणि म्हणाला, पोराच्या जागी मला गुलाम ठेवा. येशूने तर भरूनच टाकलं. प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलं की तुझा गुलाम अनेसिम याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, आणि ते स्वतःच्या हाताने लिहिलं. तिघांनीही भरायची तयारी आधी केली होती. मी केली नव्हती, आणि दादानेही केली नव्हती. कापल्या गेलेल्या पैशांत त्याचा एक रुपया नाही. दुसऱ्याच्या पगारावर प्रीती दाखवायला बायबल लागत नाही.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: जेवढे पैसे परत आले नाहीत तरी मी त्या माणसाशी तसाच बोलेन, तेवढे सरळ द्यायचे. त्यापुढे सही नाही. दोन वर्षांपूर्वी दादाचाच मुलगा जामीनकीचा फॉर्म घेऊन आला. मी नाही म्हटलं आणि १५,००० रुपये त्याच्या हातात ठेवले, परत देऊ नकोस म्हणून. त्याने घेतले. दादा त्या नाताळाला आमच्याकडे आला नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. तारखेप्रमाणे अध्याय वाचणं बंद करा असं माझं स्पष्ट मत आहे. दहाव्या अध्यायापासून पुढे बहुतेक सुटी सुटी वचनं आहेत, तीस-बत्तीस एका दमात वाचली की एकही लागत नाही. आठवड्याला एक घ्या, आणि ते कोणत्या माणसाच्या बाबतीत आहे ते नाव मनात ठरवा. खोट्या तराजूचं वचन घेतलंत तर ऑफिसच्या प्रवासभत्त्याचं बिल समोर ठेवा. मृदू उत्तराने राग शमतो हे घेतलंत तर घरात ज्याच्याशी तुमचं वाजतं ते नाव. नाव नसेल तर वचन पाठांतरातच राहतं, माझं राहिलं तसं.

शिवाय ही वचनं कलमांसारखी वाचू नका. २६ व्या अध्यायात चौथं वचन म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, आणि पाचवं म्हणतं दे. दोन्ही खरी आहेत. कुठलं कधी, ते तुम्हाला ठरवायचंय.

हे सगळं वाचून मी शहाणा ठरतो असं समजू नका. २०११ मध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी, चर्चच्या पायऱ्यांवर, दहा-बारा लोकांसमोर मी त्या गृहस्थांना वाटेल तसं बोललो. मत्तय १८:१५ सांगतं की भावाची चूक त्याला एकांतात दाखव. मी त्यांच्या घरी एकदाच गेलो होतो, तेव्हा ते नव्हते. अंगणात टेम्पोची ताडपत्री घडी करून ठेवलेली होती आणि त्यांची मुलगी त्यावर बसून अभ्यास करत होती. ती मला "अंकल, बसा" म्हणाली. हे बघूनही मी पायऱ्यांवर तसा बोललो. त्यानंतर ते कुटुंब आमच्या चर्चला आलं नाही. पैसे गेले त्याचं आता काही वाटत नाही, याचं वाटतं. पुढे मी पत्र लिहून क्षमा मागितली. उत्तर आलं नाही.

आणि दादा, तू इथली उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. मत्तयातलं ते 'मागतो त्याला दे' एवढं एक वचन पुरे झालं. फिलेमोनाचं पत्र एकदा सबंध वाच, पंचवीसच वचनं आहेत, आणि मग घरी ये. या वेळी फॉर्म नको आणू.