डेन्मार्कमधल्या ओडेन्समध्ये अँडरसनच्या घराशिवाय पाहण्यासारखं काय आहे?

परीकथा लिहिणारा अँडरसन १८०५ साली याच गावात जन्मला, त्यामुळे त्याचं घर तुम्ही बघणारच. त्याला इथेच रामराम करतो.

माझी या गावाशी ओळख बॅडमिंटनमुळे झाली. २०१२ साली सायना नेहवालने आणि २०१७ साली किदंबी श्रीकांतने डेन्मार्क ओपन जिंकली ती ओडेन्समध्येच. गाव नकाशावर शोधता शोधता मी त्याच्या फुटबॉल क्लबापर्यंत पोचलो. या क्लबाला सगळे 'ओबी' म्हणतात. १८८७ मध्ये तो निघाला तेव्हा नाव होतं ओडेन्स क्रिकेट क्लब! फुटबॉल दोनेक वर्षांनी पाहुण्यासारखा आला आणि घराचा मालक होऊन बसला. आपल्याकडे नेमकं उलटं झालं असतं.

ओबीने देशाचं विजेतेपद तीनदा पटकावलंय (१९७७, १९८२, १९८९), पण जुन्या चाहत्याला छेडलंत तर तो १९९४ बद्दलच बोलेल. यूएफा कपात, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, स्पेनच्या रियाल माद्रिदने त्यांना ओडेन्समध्ये येऊन ३-२ असं हरवलं होतं. परतीचा सामना माद्रिदला, म्हणजे खेळ खलासच. शिवाय डेन्मार्कचा लाडका मायकेल लाउड्रुप त्या मोसमात रियालकडे. तरी ६ डिसेंबरच्या रात्री गोलरक्षक लार्स ह्योग भिंतीसारखा उभा राहिला, उलरिक पेडरसनने एक गोल केला आणि अगदी शेवटच्या क्षणी मॉर्टन बिसगार्डने दुसरा. ०-२! दोन्ही सामन्यांचे गोल मिळून ओबी ४-३ ने पुढे, रियाल स्पर्धेबाहेर! त्याच रियालने पुढे त्या मोसमात स्पेनची लीग जिंकली, हे विसरू नका.

खेळात रस नसेल तर सरळ सेंट क्नूड कॅथेड्रलच्या तळघरात उतरा. इंग्लंडवर स्वारी करायला निघालेल्या आणि जनतेला करांनी पिळणाऱ्या क्नूड राजाला बंडखोरांनी १०८६ मध्ये इथल्याच एका चर्चमध्ये गाठून मारलं. पंधरा वर्षांनी पोपने त्यालाच संत ठरवलं! त्याचा सांगाडा काचेआड ठेवलाय.

शहराजवळच्या लिंडो गोदीत २००६ साली 'एमा मेर्स्क' हे तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं कंटेनर जहाज बांधलं गेलं. ती गोदी २०१२ मध्ये बंद पडली. आता गावाचं नाव रोबोट बनवणाऱ्या कंपन्यांमुळे घेतलं जातं.

कोपनहेगनहून रेल्वेने साधारण सव्वा तास. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, पण ओबीचा घरचा सामना असेल तर मुक्कामच करा.