पैशाची धास्ती घेणाऱ्या धाकट्या बहिणीला

अगं, पगार होऊनही तू रात्री तीनदा मोबाईलवर शिल्लक बघतेस, चष्म्याची काच तडकली तरी बदलत नाहीस. ही काटकसर नव्हे, भीती आहे. आपल्या इंदूरच्या ख्रिस्ती मंडळीत अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेकांच्या लहानपणी घरात ओढाताण होती.

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 16वा अध्याय सावकाश वाच. रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, रोजच्यापुरताच गोळा करायचा होता; धास्तीने सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडले. पण शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं, आणि तो नासला नाही. म्हणजे साठवणं पाप नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात प्रभू येशू चिंता करू नका म्हणतो, हिशेब ठेवू नका असं कुठेही म्हणत नाही.

तेव्हा हिशेब आठवड्यातून एकदाच, शनिवारी, आधी प्रार्थना करून लिही. गव्हाच्या डब्यातली रोकड बँकेत टाक. तिथे एका बँकेत 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. घरात थोडी अडीअडचणीपुरती राहू दे. दानाचं म्हणशील तर आकडा मनात ठरव आणि पगार होताच बाजूला काढ. कुणी दटावलं म्हणून देऊ नकोस. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात हेच लिहिलं. जास्त दिलंस तर देव दुप्पट परत करेल, असं सांगणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहा, बाई.

आणि चष्मा याच आठवड्यात कर. रविवारी उपासनेनंतर वही घेऊन ये, आपण दोघी बसून बघू.