अमेरिकेत मुलींसाठी वेगळी कॉलेजं का काढावी लागली? तिथे तर मुलं-मुली पहिल्यापासून एकत्र शिकत होती ना?

पहिल्यापासून? छे! तिथलं पहिलं कॉलेज हार्वर्ड निघालं १६३६ साली, आणि त्यानंतर दोनशे वर्षं त्या देशातल्या एकाही कॉलेजानं मुलींना पदवीच्या वर्गात बसू दिलं नाही. ओहायोतल्या ओबर्लिननं १८३७ मध्ये चौघींना घेतलं, त्यातल्या तिघी १८४१ मध्ये पदवीधर झाल्या. बाकी ठिकाणी दार बंदच. मग वेगळं घर बांधण्यावाचून काय उरतं?

मी काही वर्षं पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये राहायचे. साऊथ हॅडलीत माउंट होल्योक कॉलेजच्या आवारात फिरायला जायचे. संस्थापिका मेरी लायन हिची कबर तिथे आवारातच आहे, तिच्यामुळे मला या विषयाचं वेड लागलं. शेतकऱ्याची पोर, लहानपणी बाप गेला, सतराव्या वर्षी आठवड्याला ७५ सेंटवर मास्तरकी. तिच्या आधी एमा विलार्डनं न्यूयॉर्कच्या विधिमंडळाकडे मुलींच्या शाळेसाठी पैसे मागून पाहिले होते. ते मिळाले नाहीत. शेवटी ट्रॉय गावानं कर लावून ४,००० डॉलर उभे केले आणि १८२१ मध्ये शाळा निघाली. लायनबाई सरकारदरबारी गेल्याच नाहीत. हिरवी मखमली पिशवी घेऊन गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. बाईमाणसानं असं हिंडणं तिथेही शोभत नव्हतं बरं का!

१८३७ मध्ये त्यांची सेमिनरी (मुलींची वरच्या शिक्षणाची शाळा, आजचं माउंट होल्योक) उघडली. राहणं, जेवण, शिकवणी सगळं मिळून वर्षाला ६० डॉलर. एवढं स्वस्त कसं? नोकरचाकर नाहीत, स्वयंपाक, धुणं, झाडलोट मुलीच वाटून घ्यायच्या. पण याच मुलींना रसायनशास्त्र मात्र बाई स्वतः शिकवायच्या.

समाजानं हे चालू दिलं, त्यामागे उदारपणा थोडा आणि हिशेब जास्त होता. गावोगाव सरकारी शाळा निघत होत्या, शिक्षक हवे होते, आणि बाई पुरुषापेक्षा बऱ्याच कमी पगारात मिळायची. शिवाय ‘शिकलेली आई मुलांना चांगलं वळण लावते’ हे वाक्य कोणाही धर्मगुरूला पटायचं.

पुढे खरीखुरी कॉलेजं आली: १८६५ मध्ये व्हासार (पैसा एका बिअर बनवणाऱ्याचा!), १८७५ मध्ये स्मिथ आणि वेलस्ली. याच सुमारास हार्वर्डच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये पुस्तकच लिहिलं की मुलांइतका अभ्यास केला तर मुलींची जननेंद्रियं दुबळी होतात. मुलगी शिकली की नवरा मरतो, असं म्हणणारे आपल्याकडचे लोक निदान डॉक्टरकीची पदवी लावून बोलत नव्हते.

काळ्या मुलींची कथा याहून कडू. कनेक्टिकटमध्ये प्रुडन्स क्रँडलनं १८३३ मध्ये त्यांच्यासाठी शाळा काढली, तर राज्यानं तिच्याविरुद्ध कायदा केला आणि पुढच्या वर्षी जमावानं शाळेची मोडतोड केली. शाळा बंद पडली. अटलांटाचं स्पेलमन १८८१ मध्ये एका चर्चच्या तळघरात ११ विद्यार्थिनींवर सुरू झालं.

आपला संबंध? आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियातल्या बायकांच्याच मेडिकल कॉलेजातून, जे १८५० पासून चालू होतं. पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्चलाच, त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, तेही अमेरिकेत जमवलेल्या पैशावर. आणि त्याच्याही आधी जोतीराव फुल्यांनी नगरला ज्या फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली, त्या मिशनरी सिंथिया फरारही न्यू इंग्लंडच्याच, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या.

१९६९ मध्ये येल, प्रिन्स्टननं मुलींना घेतलं, व्हासारनं मुलांना. १९६० च्या सुमारास दोनशेच्या वर असलेली महिला कॉलेजं आज चाळीसहूनही कमी उरलीत. माउंट होल्योक त्यात आहे. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुली पदवीदानाच्या आदल्या दिवशी लायनबाईंच्या कबरीभोवती पानांची माळ गुंफतात.