हात कुणाचा थांबला?

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी आमचे वडील गेले. दहाव्याला नदीवर आत्याने आईच्या बांगड्या दगडावर फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली. आत्या स्वतः पंधरा वर्षांपासून विधवा आहे. मी शिकलेली, नोकरी करणारी, पण नुसती उभी राहिले. भाऊ म्हणतो जग खूप सुधारलंय, सतीची चाल गेली, बायका शिकल्या, अजून काय पाहिजे. मला वाटतं फक्त मोबाईल आले, माणूस होता तिथेच आहे. खरं काय?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर होतं, काय लिहावं सुचेना. आधी भावाची बाजू घेते, कारण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. माझ्या आजीची काकू मी लहानपणी पाहिलीय. विधवेचं लाल लुगडं, म्हणजे आलवण, कायम डोक्यावरून पदर, तेराव्या वर्षी नवरा गेलेला आणि तेव्हापासून ठरल्या दिवशी न्हावी मागच्या दाराने यायचा, पडवीत पाट मांडलेला असायचा. एकदा दुपारी झोपेत तिचा पदर सरकला, मला ते पांढरे खुंट दिसले आणि मी हात लावला. ती दचकून उठली, पदर ओढला, रागावली नाही, एवढंच म्हणाली, कुणाला सांगू नकोस हं. आज तुमच्या आईच्या बाबतीत असं काही कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. हा फरक खरा आहे आणि तो मी कुणाला नाकारू देणार नाही.

पण तो आपोआप नाही झाला हो. फुल्यांनी 1863 साली पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं, कर्व्यांनी 1893 साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तर त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. ही नावं शाळेत शिकवतात. मला सगळ्यात जवळची वाटते ती गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. 1890 च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांना एकत्र केलं, आणि शेकडो न्हाव्यांनी ठरवलं की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. केशवपन मुख्यतः ब्राह्मणांमधलं, ते करायचं हे ठरवणारे वेगळेच, पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला, तोही स्वतःच्या पोटावर पाय आणून!

ही गोष्ट कळल्यापासून मी असंच बघते. अख्ख्या मानवजातीचं मला मोजता येत नाही, पण जे वाईट चाललंय ते करणारा हात थांबला का, एवढं दिसतं. आणि दरवेळी थांबतोच असंही नाही. आपल्या राज्यात गर्भलिंग तपासणीविरुद्ध 1988 सालीच कायदा झाला, देशात पहिला, नंतर 1994 चा केंद्राचा आला, तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली 2001 साली 913 होत्या त्या 2011 ला 894 वर आल्या. तिथे हात डॉक्टरचा होता, शिकलेला, आणि सोनोग्राफीचं मशीन आजीच्या काळात नव्हतंच. म्हणजे तुमचंही खरं आहे, नवी सोय आली की जुनी हौस तिच्यातून वाट काढते, हे बघून मला अजून झोप लागत नाही.

आता तुमच्या नदीवरचं. तुमच्या शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला की गावात कुणाचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावाचा कागद नदीवर येत नाही हे मलाही कळतं. तिथे दगडापाशी बाईच बसलेली असते, आणि बहुतेक वेळा जिच्या स्वतःच्या बांगड्या अशाच फुटल्यात तीच.

म्हणून आत्याचा राग धरू नका. एखाद्या दुपारी तिच्याजवळ बसा आणि विचारा, तुझ्या बांगड्या कुणी फोडल्या होत्या गं? तिला ते नाव आठवत असणार. भावकीत पुढचं दहावं यायच्या आधी हे बोलणं व्हायला हवं, कारण घाटावर ऐनवेळी कुणाचं कुणी ऐकत नाही. आणि आईला बांगड्या मनापासून हव्या असतील तर तिला कासाराकडे न्या. आत्यालाही सोबत घ्या, तिचाही हात पंधरा वर्षं रिकामाच आहे.