मुंबईच्या फोर्ट भागातील ब्रिटिशकालीन इमारती एका दिवसात पायी पाहायच्या असतील, तर सुरुवात कोठून करावी?

सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करावी, आणि शक्य असल्यास रविवारी दुपारी तीननंतर निघावे. कारण यांपैकी बहुतेक इमारतींचे दर्शनी भाग पश्चिमेकडे असल्याने उतरत्या उन्हात त्यांचे कोरीवकाम स्पष्ट उठून दिसते. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेले हे स्थानक १८८८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवरील मोर, खारी आणि माकडे जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत, म्हणून तेथे घाई करू नये.

पुढे दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौकात यावे आणि डावीकडे वळून सेंट थॉमस कॅथेड्रल पाहावे. १७१८ च्या या चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या वेशीवरूनच ‘चर्चगेट’ हे नाव आले. तटबंदी १८६०च्या दशकात पाडली गेली, नाव मात्र टिकले. जवळच १८३३ चा टाउन हॉल आहे.

शेवट ओव्हल मैदानावर करावा. पूर्वेला उच्च न्यायालय आणि प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावे देणगी दिलेला राजाबाई टॉवर, तर पश्चिमेला आर्ट डेको शैलीची (विसाव्या शतकातील, साध्या भौमितिक रेषांची) घरे, असे दोन काळ येथे समोरासमोर उभे आहेत आणि २०१८ पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत.