दोन डिश एकाच वेळी बोलल्या की…

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. छतावर वायफायचा सेक्टर अँटेना (रुंद पट्ट्यात सिग्नल देणारा) लावलाय. गोदाम आणि डाय हाउस (रंगाई विभाग) यांच्यावरच्या डिश त्याच्याकडे रोखल्यात. एकच डिश चालू असली तर वेग उत्तम. दोन्हीकडून कॅमेऱ्यांचं चित्रण यायला लागलं की सगळं अडखळतं. मोठी डिश घेऊ का?

उत्तर: अजिबात नको! सिग्नल कमी असता तर एकटी डिशही रखडली असती.

वायफायचा कायदा असा, की आधी कानोसा घ्यायचा आणि हवा मोकळी असेल तरच पाठवायचं. पण तुमच्या दोन्ही डिशांची तोंडं कारखान्याकडे, त्यामुळे गोदामाला डाय हाउसचा पत्ताच नसतो. दोघं एकदम पाठवतात, कारखान्यावर टक्कर होते, मग थांबून पुन्हा तेच. मोठी डिश म्हणजे झोत आणखी अरुंद, शेजारचं ऐकू येणं आणखी कमी.

दोन्ही डिशांच्या सेटिंगमध्ये ‘आरटीएस थ्रेशोल्ड’ शोधा. किती बाइटपेक्षा मोठ्या पाकिटासाठी आधी परवानगी मागायची, तो हा आकडा. तिथे बहुधा २३४६ किंवा २३४७ असेल, म्हणजे जवळपास बंदच. ते ५०० करून बघा. मग डेटाचं मोठं पाकीट सोडण्याआधी डिश छोटी परवानगी मागते. कारखान्याचा होकार दुसरीलाही ऐकू येतो आणि ती तेवढा वेळ गप्प बसते. अमेरिकन अभियंता फिल कार्न यांनी १९९० मध्ये हौशी रेडिओसाठी अशीच युक्ती मांडली होती. परवानग्यांचीही टक्कर होते, पण त्या इवल्याशा, नुकसान थोडं.

एवढ्यानं भागलं नाही तर टीडीएमए (वेळ वाटून देण्याची पद्धत) चालू करा. त्यात कारखानाच प्रत्येकाला पाळी नेमून देतो. मात्र तिन्ही उपकरणं बहुतेक वेळा एकाच कंपनीची लागतात. आणि हे सगळं ऑफिसात बसून होतं, सोलापूरच्या उन्हात पत्र्यावर चढायला नको.