दहा फुटांच्या फळीवर पाच गाड्या कुठे उभ्या कराव्यात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. राजारामपुरीतल्या खोलीत एका भिंतीला लागून दहा फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी बसवता येते. तिच्यावर मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात, कोल्हापूरसारखे टर्मिनस करायचे आहे. महालक्ष्मी, कोयना, हरिप्रिया, मिरज पॅसेंजर आणि एक मालगाडी अशा पाच गाड्या जमल्या आहेत. पाच फुटांत स्टेशन आणि उरलेल्या पाच फुटांत सहा रुळांचे यार्ड (गाड्या नजरेआड उभ्या करायची जागा) असा आपला आराखडा आहे, आणि सहाच्या जागी सात रूळ बसतील का, असे आपण विचारले आहे.

मी आराखडा दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा ‘उरलेल्या’ या शब्दापाशी अडलो. कोल्हापूर हे गाडी संपण्याचे ठिकाण आहे. इथे आलेली प्रत्येक गाडी मिरजेकडून येते आणि मिरजेकडेच परत जाते, त्यामुळे आपल्या फळीवरचे यार्ड म्हणजे मिरज आणि मिरजेपलीकडची मुंबई, तिरुपती, सगळे काही आहे. स्टेशन कितीही देखणे केले तरी यार्डात पूर्ण गाडी मावली नाही, तर स्टेशनात आणायला गाडीच राहत नाही. म्हणून रुळांची संख्या ठरवण्याआधी गाडीची लांबी ठरवावी, आणि ती यार्डातच मोजून ठरवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी मोजमाप पाहू. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा डबा बफरसकट २२.३ मीटर लांब असतो, १:८७ प्रमाणात तो २५.६ सेंमी होतो. डब्ल्यूडीएम-३ए हे डिझेल इंजिन साधारण २० सेंमी भरते. म्हणजे इंजिन आणि तीन डबे मिळून ९७ सेंमी, चार डबे घेतले तर सव्वा मीटरच्या आसपास. आता आपला लॅडर पाहा, म्हणजे एकामागून एक पॉइंट (एका रुळातून दुसरा रूळ फुटतो ती जागा) लावून केलेली शिडीसारखी रांग. पेको कंपनीच्या स्ट्रीमलाइन मालिकेतल्या पॉइंटचा कोन १२ अंशांचा आहे आणि त्याच्या भूमितीत शेजारच्या दोन रुळांमधले अंतर ५१ मिमी येते, त्यामुळे लॅडरवर प्रत्येक पुढचा रूळ सुटायला सुमारे २४ सेंमी लांबी खर्च होते. सहा रुळांसाठी पाच पॉइंट लागतात, म्हणजे लॅडरच जवळपास १२० सेंमीचा झाला. दीड मीटरच्या यार्डात पहिल्या रुळावर मोकळी जागा साधारण १२६ सेंमी मिळेल, दुसऱ्यावर १०२, तिसऱ्यावर ७८, चौथ्यावर ५४ आणि शेवटच्या दोन रुळांवर जेमतेम ३०. सहा रुळांपैकी दोनच रुळांवर तीन डब्यांची गाडी उभी राहते, तिसऱ्यावर इंजिन आणि दोन डबे, चौथ्यावर इंजिन आणि एक डबा, शेवटच्या दोनांवर नुसते इंजिन. सातवा रूळ कागदावर काढता येईल, पण त्यावर उभे करायला काही नसेल.

लॅडर मधोमध फोडून दोन्ही बाजूंना तीन-तीन रूळ काढले तर परिस्थिती थोडी सुधारते, पण तरीही पॉइंटांत सत्तर सेंमी जातात आणि बहुतेक रुळांवर मीटरभर गाडी मावत नाहीच. लॅडर ही मोठ्या खोलीची सोय आहे, इतक्या लहान जागेत लपलेल्या यार्डावर पॉइंट खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉइंट स्टेशनात शोभतात, तिथे त्यांच्याकडे पाहायचे असते आणि त्यांच्यावर शंटिंग करायचे असते.

माझ्या पहिल्या लेआउटवर मी नेमके हेच केले होते. स्टेशनच्या मागच्या पडद्याआड पाच रुळांचा लॅडर घातला आणि सर्वांत आतला पॉइंट भिंतीपासून चार बोटांवर आला. पहिल्या पावसाळ्यात फळी थोडी फुगली, त्या पॉइंटचे पाते नीट बसेनासे झाले आणि गाडी दर वेळी तिथेच घसरू लागली. हात पोहोचावा म्हणून पडदा काढावा लागे, पडदा काढला की त्यावर चिकटवलेली झाडे आणि घरे सुटत. शेवटी मी ते यार्ड पूर्ण उखडले. आपल्या आराखड्यात यार्ड स्टेशनच्या पुढे, एका ओळीत आहे, हा निर्णय अगदी योग्य आहे आणि तो बदलू नये.

आपल्या जागेसाठी मी ट्रॅव्हर्सर सुचवेन, म्हणजे रूळ बसवलेला एक तक्ता, जो आडवा सरकतो आणि हवा तो रूळ स्टेशनच्या मार्गासमोर आणतो. यात पॉइंट एकही नसतो, त्यामुळे तक्त्याची सगळी लांबी गाडीच्या कामी येते आणि सगळे रूळ सारख्याच लांबीचे मिळतात. १०५ सेंमीचा तक्ता घेतला तर तीन डब्यांची गाडी दोन्ही टोकांना चार-चार सेंमी सोडून उभी राहते.

मग स्टेशनला दोन मीटर उरतात. कोल्हापूरला आलेले इंजिन बफरपाशी सुटते आणि गाडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागते, ही या स्टेशनची ओळख आहे आणि ती आपल्याला दाखवायचीच आहे. त्यासाठी बफरपाशी इंजिनाला २२ सेंमी, क्रॉसओव्हर (शेजारच्या रुळावर जायचा जोडमार्ग) मोकळा ठेवायला सुमारे २५, तीन डब्यांना ७७ आणि स्टेशनच्या तोंडाशी दोन प्लॅटफॉर्म व एक मालधक्का सुटायला ६० सेंमी धरावेत. बेरीज १८४ होते, तक्ता मिळवून २८९. आपल्याकडे ३०५ आहेत, म्हणजे १६ सेंमी हाताशी राहतात. चौथा डबा जोडायचा मोह होईल. पण डबा स्टेशनातही लागतो आणि यार्डातही, त्यामुळे एका डब्याची किंमत २६ नसून ५२ सेंमी आहे, आणि तेवढी जागा आपल्याकडे नाही. तीन डब्यांची महालक्ष्मी मनाला थोडी खटकते हे मी जाणतो. पण स्लीपर, जनरल आणि गार्डचा डबा असे तीन वेगवेगळे डबे निवडले, तर नजर लवकरच ती गाडी पूर्ण म्हणून स्वीकारते.

आता रुंदी. इथे बहुतेकांची चूक होते. तक्ता स्वतः जेवढा रुंद, तेवढीच जागा त्याला लागते असे वाटते, प्रत्यक्षात त्याला सरकायलाही जागा हवी असते. पाच रूळ ५० मिमी अंतरावर घेतले तर तक्ता २५ सेंमी रुंद होतो, आणि पहिल्यापासून पाचव्या रुळापर्यंत सगळे समोर आणायला तो एकूण २० सेंमी सरकावा लागतो. म्हणजे त्याचा वावर ४५ सेंमीचा झाला, जो आपल्या दीड फुटांत अगदी तंतोतंत बसतो. मात्र त्यासाठी स्टेशनमधून येणारा मार्ग भिंतीपासून २३ सेंमीवर, फळीच्या मधोमधच तक्त्याला भेटला पाहिजे. आपल्या आराखड्यात तो भिंतीलगत आहे, तो बदलावा लागेल. तसेच तक्त्याआधी किमान एका डब्याएवढा भाग सरळ असावा, कारण लांब डबे वळणावर बाहेर झुकतात आणि सांध्यावर हिसका बसतो. ५० मिमी अंतरात शेजारच्या दोन डब्यांमध्ये १३ मिमी फट राहते, तिच्यात बोट शिरत नाही. ज्यांना यार्डात हाताने डबे उचलायची सवय आहे त्यांनी ६० मिमी अंतर आणि चार रूळ घ्यावेत. आपल्याला पाच गाड्या हव्या आहेत, म्हणून ५० मिमीच ठेवा आणि यार्डात डबे उचलणे सोडून द्या.

बांधणीसाठी खास काही मागवावे लागत नाही. ड्रॉवरला वापरतात ते दहा इंची टेलिस्कोपिक चॅनल दोन घ्या, हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळतात. ते तक्त्याच्या दोन्ही टोकांपासून पाव-पाव लांबीवर आडवे बसवा. चॅनल पूर्ण बाहेर आले की पुढची कड किंचित खाली जाते, आणि रुळाच्या सांध्यावर अर्धा मिलिमीटरसुद्धा फार असतो. म्हणून पुढच्या बाजूला तक्त्याखाली सनमायकाची गुळगुळीत पट्टी टेकूसारखी द्यावी, म्हणजे तक्ता तिच्यावरून घसरत येतो आणि पातळी सोडत नाही. प्लायवूड १२ मिमीचे, आयएस ७१० छापाचे (मरीन प्लाय) घ्या, आणि कापलेल्या कडांसह सर्व बाजूंना प्रायमरचे दोन हात द्या. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत पाणी शिरते ते कापलेल्या कडेतूनच. तक्ता आणि फळी यांच्यामध्ये दीड मिलिमीटर फट उन्हाळ्यात मोजून ठेवली, तर पावसाळ्यात तक्ता अडकत नाही.

सर्वांत जपून करायचे काम रुळांच्या टोकांचे आहे. प्लॅस्टिकच्या स्लीपरवर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर) रुळाचे टोक टिकत नाही, हात लागला की ते हलते. शेवटच्या दोन सेंमीतले स्लीपर काढून तिथे तांब्याचा थर असलेली पीसीबीची (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीची) पट्टी चिकटवा, आणि रूळ फटीवरून सलग टाकून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना सोल्डरने डाग द्या. एकाच मार्गाच्या डाव्या आणि उजव्या रुळामध्ये पट्टीवरचा तांब्याचा थर करवतीने खरवडून तोडायला विसरू नका, नाहीतर शॉर्ट होईल. डाग थंड झाल्यावरच बारीक करवतीने फटीवर रूळ कापा. आधी कापून मग जुळवायला गेल्यास पाचही रूळ कधीच एका रेषेत येत नाहीत. ही एक संध्याकाळ घाई न करता दिली, तर पुढची कित्येक वर्षे गाडी त्या सांध्यावरून आवाजही न करता जाते.

तक्ता योग्य जागी थांबवण्यासाठी खिडकीला लावतात तो छोटा पितळी टॉवर बोल्ट वापरा. बोल्ट स्टेशनच्या बाजूला पक्का बसवा आणि तक्त्यावर प्रत्येक रुळासाठी त्याच्या मापाची एक पितळी नळी लावा. त्या नळीला त्या रुळाच्या एका बाजूची वायर जोडा, बोल्टला स्टेशनकडची, आणि दुसऱ्या बाजूची वायर पाचही रुळांना सामाईक ठेवून लवचिक तारेने आणा. बोल्ट सरकवला की रूळ जुळतो आणि वीजही फक्त त्याच रुळाला मिळते, त्यामुळे साध्या डीसीवर बाकीची इंजिने आपोआप उभी राहतात. बोल्ट लावल्याशिवाय गाडी हलूच शकत नाही, ही सुरक्षितता वेगळीच. याशिवाय तक्त्याच्या दोन्ही टोकांसमोर, हलणाऱ्या तक्त्यावर नव्हे तर पक्क्या भागावर, मार्गाएवढी जागा सोडून दोन्ही बाजूंना लाकडी पट्टी ठोका. तक्ता सरकताना डबे घरंगळले तरी त्या पट्टीला अडतात, खाली पडत नाहीत.

यार्डात गेलेल्या गाडीचे इंजिन आतल्या टोकाला असते आणि पुढच्या फेरीला ते स्टेशनच्या बाजूला हवे असते, हा टर्मिनसच्या प्रत्येक लहान लेआउटचा मूळ पेच आहे. त्यासाठी २५ सेंमी लांबीची एक कॅसेट करा, म्हणजे रुळाचा तुकडा चिकटवलेली आणि दोन्ही कडांना उंच पट्ट्या असलेली फळी. ती तक्त्याच्या आतल्या टोकाला, सोडलेल्या जागेत, दोन खिळ्यांवर अडकवता यावी आणि तिलाही वीज मिळावी. हाताशी राहिलेल्या १६ सेंमीत ती बहुतांश बसते, उरलेली नऊ सेंमी बाहेर आली तरी काम झाल्यावर ती काढून ठेवायची असते. इंजिन सुटून कॅसेटवर जाते, तक्ता रिकाम्या रुळावर सरकतो, इंजिन त्या रुळावरून स्टेशनच्या मार्गावर येते, तक्ता परत सरकतो आणि इंजिन गाडीला लागते. डब्ल्यूडीएम-३ए दोन्ही दिशांना चालते, त्यामुळे ते फिरवायची गरज पडत नाही.

यासाठी एक रूळ कायम रिकामा हवा. पाच रूळ आणि पाच गाड्या हे गणित इथे जुळते, फक्त एक गाडी सदैव कोल्हापूरच्या प्लॅटफॉर्मवर उभी असली पाहिजे. सकाळी कोयना सुटायची वेळ झाली की पॅसेंजर प्लॅटफॉर्मवर आलेली असावी, आणि रात्री महालक्ष्मी निघण्याआधी कोयना परतलेली असावी. मालगाडी या दोहोंच्या मधल्या वेळेत मालधक्क्यावर येऊ शकते.

यार्ड झाकण्याबद्दल आपण कोल्हापुरातल्या परीख पुलाची कल्पना मांडली आहे. राजारामपुरीच्या माणसाला ती सुचणे स्वाभाविक आहे, परंतु तिथे रस्ता रुळांखालून जातो, त्यामुळे गाडी त्याच्याआड जात नाही. रुळांवरून जाणारा रस्त्याचा पूल घ्या, आणि परीख पूल स्टेशनच्या तोंडाशी फळीच्या पुढच्या कडेला करा, तिथे तो फार शोभेल.

लाकूड आणण्याआधी जुनी वर्तमानपत्रे जोडून ३०५ बाय ४५ सेंमीची पट्टी जमिनीवर अंथरा, पेकोच्या पॉइंटांचे कागदी साचे छापून तिच्यावर ठेवा आणि पाचही गाड्या प्रत्यक्ष जोडून उभ्या करा. मॉडेलचे कपलिंग डब्यामागे काही मिलिमीटर वाढवते, आणि मालगाडीची लांबी आपण लिहिलेली नाही. सर्वांत लांब गाडी कपलिंगसकट किती भरते ते मोजून इथे लिहा, त्यानंतरच १०५ सेंमीचा आकडा पक्का करून प्लायवूड कापायला द्या.